माटवीतलं बगळीचं फूल

गणपतीसमोर उभं राहून गणपतीकडे न बघणारी त्या घरात मी एकटीच होते. मान वर, नजर छताला, आणि हात जोडायचे राहूनच गेलेले.

"गे बाय," शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी माझ्या दंडाला हळूच चिमटा काढला. "गणपती खाली आसा. तू वर काय बघतंस?"

वर माटवी होती. सिंधुदुर्गाकडच्या घरांत गणपतीच्या डोक्यावर एक लाकडी चौकट टांगतात आणि तिला परसातल्या, रानातल्या वस्तू बांधतात. नारळ, सुपारीचे घोस, काकड्या, तेरडा, कवंडळाची लालभडक फळं. त्या सगळ्या दाटीत, दोन नारळांच्या मधे, एक हिरवा दांडा लोंबत होता आणि त्याला पाच पांढरी फुलं होती. प्रत्येक फूल पंख पसरलेल्या बगळ्यासारखं.

त्या फुलासाठी मी दोन पावसाळे चिखल तुडवला होता. जळवा लावून घेतल्या होत्या, एकदा पाय मुरगळला होता, आणि ते फूल इथं कोणाच्या तरी घरात सुपारीच्या घोसाशेजारी सुतळीने बांधलेलं होतं!

गोष्ट एकोणीसशे एकोणनव्वद सालची आहे. मी कोल्हापुरात वनस्पतिशास्त्रात संशोधन करत होते. विषय होता किनाऱ्यालगतच्या झुडपी रानातल्या आमरी. आमर म्हणजे ऑर्किड. लोकांना ऑर्किड म्हटलं की झाडावर लटकणारी, लग्नाच्या स्टेजवरची फुलं आठवतात. ही आमर जमिनीत उगवते, पावसाळ्यात पान काढते, भाद्रपदात फुलते आणि मग पुन्हा जमिनीत जाऊन झोपते. आमच्या विभागाच्या कपाटात तिचा एक वाळवलेला नमुना होता, साठ वर्षांपूर्वीचा. त्यावरच्या चिठ्ठीत या गावाचं नाव होतं आणि पुढे, 'समुद्राकडचा सडा, झुडपांत'. त्यानंतर ती कोणाही अभ्यासकाला दिसलेली नव्हती.

माझे मार्गदर्शक देशिंगकर सर स्पष्ट बोलणारे होते. "तीस सप्टेंबरच्या आत ते फूल आणि ते उगवतं ती जागा, दोन्ही आण. नाही आणलंस तर हा विषय बंद. जे सापडतच नाही त्याच्यावर मी सही करणार नाही."

गणपती बसले होते आणि माझ्या हातात जेमतेम तीन आठवडे होते.

"काकी, ते पांढरं फूल कोणी आणलं?" मी चिमटा काढणाऱ्या बाईंना विचारलं. त्या काशीकाकी, त्या घराच्या मालकीण. राऊळांच्या पाच कुटुंबांचा मिळून एकच गणपती असतो, तो त्यांच्याकडे बसतो. आधी मी तालुक्याच्या गावाहून दिवसापुरती येऊन जायचे; या वेळी मुक्कामाला आले होते, आणि गावात उतरायला जागा नाही म्हणून शाळेतल्या शिपायाने मला त्यांच्याकडेच आणून सोडलं होतं.

"ता बगळीचा फूल. आमच्या तातूभावजीन आणल्यान. सड्यावरसून एक तरी वस्तू व्हयीच माटवेक, आनी ती आणूचो मान भावजींचो. तेंच्या बापाशीपासून."

"मला जरा खाली काढून बघता येईल?"

काकींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गणपतीचा मोदकच मागितला होता. "एकदा माटवेक बांधला की ता देवाचा. विसर्जनाक खाली येतला. तवसर मान मोडीसर बघ."

मग मी मान मोडेपर्यंतच बघितलं.

तातू राऊळ संध्याकाळी आरतीला आले. साठीचे, काटक, पायाने किंचित अधू. गाऱ्हाणं घालण्याचं कामही त्यांचंच. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने एकाने देवाशी मोठ्याने बोलायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आवाज खणखणीत. आरती संपल्यावर मी त्यांना ओसरीवर गाठलं.

"तातूकाका, ते बगळीचं फूल कुठं मिळालं?"

"सड्यार."

"सडा केवढा मोठा आहे! नेमकं कुठं?"

"सड्यार म्हणजे सड्यार." त्यांनी पानाला चुना लावला. "फूल बघलंस मा? मगे झाला."

"मला जागा बघायचीय. माझं शिक्षण त्याच्यावर अडलंय, काका."

हे ऐकून मात्र त्यांचा हात थांबला. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "उद्या सकाळी ये. सडो दाखयतंय."

रात्री मी आनंदाने दोन घास जास्त जेवले.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. पावसाळ्यात त्याच्यावर हिरवा गालिचा पसरतो, अधेमधे करवंद, अंजनी, कुड्याची खुरटी झुडपं, आणि कडेला उभं राहिलं की खाली समुद्र. तातूकाकांनी मला सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत तो सगळा फिरवला. त्यांना काय ठाऊक नव्हतं! कुठल्या दगडाखाली विंचू असतो, कुठली अळंबी खातात, माडाच्या मुळ्या कुठपर्यंत येतात. किडे खाणारी चिमुकली रोपंसुद्धा त्यांनी दाखवली, "हेंका मुंगयो लागतत" असं सांगून. मी वहीत लिहून लिहून थकले. फक्त बगळीचं फूल तेवढं नव्हतं.

दक्षिणेच्या कडेला आम्ही एका चिरेखाणीपाशी आलो. जांभा कापून काढलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या चौकोनी खड्ड्यांत हिरवं पाणी साचलं होतं. काका तिथं थांबलेच नाहीत. पाय ओढत झपझप पुढे गेले.

"काका, फूल?" शेवटी मी विचारलंच.

"ह्या वर्सा एकच इला. ता काढलंय." आणि उतरायला लागले.

मला भयंकर राग आला. म्हातारा मला खेळवतोय, स्वतःचा मान जपण्यासाठी मला रानोमाळ हिंडवतोय, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. घरी येऊन मी काकींनी वाढलेला भात मुकाट्याने गिळला आणि पुन्हा माटवीखाली जाऊन उभी राहिले. करायला दुसरं काही नव्हतंच.

आणि तेव्हा मला तो दांडा दिसला. म्हणजे पहिल्यांदाच नीट दिसला. बुडाकडे तो एका बाजूला वाकून मग सरळ झाला होता. सुतळीच्या ओझ्याने आलेला बाक नव्हता तो, वाढतानाच आलेला होता. झाड उजेडाकडे वळतं. पण सड्यावर उजेड चहूबाजूंनी असतो. तिथं उगवलेलं रोप एका बाजूला कशाला झुकेल? मी स्टूल मागितलं. काकींनी "हात लावू नको हां" असं चारदा बजावून दिलं. जवळून पाहिलं तर दांड्यावरच्या पानांना एकही किड्याचा चावा नव्हता. सड्यावरचं एकही पान मी न कुरतडलेलं पाहिलं नव्हतं.

हे रोप भिंतीला लागून वाढलं होतं. आणि कोणीतरी रोज त्याच्यावरचे किडे वेचत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका बाजारात गेल्याचं ऐकून मी त्यांच्या परसात शिरले. चोरासारखी. हे मी शोभतं म्हणून सांगत नाही, पण तेव्हा मला लाज वगैरे काही वाटली नाही, नुसती उत्सुकता होती. लाकडांच्या खोपटामागे, पूर्वेच्या भिंतीला लागून, रॉकेलचे तीन डबे होते. तोंड कापलेले, खाली भोकं पाडलेले, वर पालापाचोळा पसरलेला. एकात कापलेल्या दांड्याचा बुडखा. दुसऱ्यात चार कळ्या आणि दोन उमललेली फुलं. तिसऱ्यात नुसती पानं.

मी उकिडवी बसले आणि त्या फुलाला नाक लावलं. साठ वर्षं ज्याला कोणी पाहिलं नव्हतं ते फूल, डब्यावर कंपनीचा पुसट शिक्का, आणि मी. रडू आलं मला.

"बघलंस शेवटी," मागून आवाज आला.

तातूकाका पिशवी हातात धरून उभे होते. मला वाटलं ओरडतील. ते पिशवी खाली ठेवून माझ्याशेजारी जमिनीवर बसले. पाय सरळ करायला त्यांना वेळ लागला.

"ती खाण बघलंस मा काल? थयच व्हती ही. पन्नासेक व्हती. माज्या बापाशीन माका दाखयल्यान. आठ वर्सामागे थय खाण लागली, आनी चिरे काढूक मीच गेलंय. गावातले सगळेच गेले. दिवसाक रोख मजुरी मिळा. कोण सोडता?"

"मग ही?"

"आदल्या सांजेक जावन एकोणीस खणून हाडलंय. सोळा मेली. तीन उरली." ते दुसऱ्या डब्यातली एक वाळकी काडी काढू लागले. "तेच्यातला एक दर वर्सा देवाक."

"पण हे लपवण्यासारखं काय आहे? तुम्ही तर वाचवलीत!"

"बाय, मान रानच्या फुलाचो आसा. मी डब्यातला नेवन बांधतंय आनी सगळ्यांका सांगतंय सड्यावरचा म्हणान. गावाक फसयतंय ता सोड. तो वर बसलो आसा, तेका फसयतंय. आठ वर्सा."

मी हसले. चोवीस वर्षांची होते, हसले. "काका, देवाला डब्यातलं काय नि सड्यावरचं काय?"

ते हसले नाहीत.

आणि मग मला सुचलं. दोन पावसाळे मला छळणारी अडचण एकदम सुटलीच की! मी म्हटलं, "काका, हे बघा. मी हे फूल कोल्हापुरात नेते. चिठ्ठीवर लिहिते, 'समुद्राकडचा सडा, झुडपांत'. साठ वर्षांपूर्वी होतं तेच. तुमचं गुपित गुपित राहील, माझा विषय राहील. तुम्ही बोलू नका, मी बोलत नाही."

"म्हणजे तू लिवतलंस, फूल सड्यार आसा म्हणान?"

"होतंच ना तिथं. खोटं थोडंच आहे?"

त्यांनी पानावरचा एक किडा वेचून टाकला. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "परवा विसर्जन झाल्यार ये. फूल दितंय." मी ते होकार समजले.

पाचव्या दिवशी दुपारी काशीकाकींचं घर माणसांनी भरलं. पाचही कुटुंबं, लेकी-जावई, मुंबईहून आलेले पोरगे, शेजारीपाजारी. आरती झाली. गणपती उचलण्याआधीचं गाऱ्हाणं घालायला तातूकाका पुढे झाले. मी दाराशी उभी होते, बॅग भरून.

"बा देवा गणराया म्हाराजा! पाच दिस ह्या लेकरांनी तुजी सेवा केली, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"परमुलकात गेलली पोरा हत, तेंका सुखान घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी ह्या तातून आठ वर्सा डब्यातला फूल रानातला म्हणान तुज्या माटवेक बांधला, ती चूक पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सवयीने म्हटलं गेलं. तोंडं मिटली आणि मग कानांनी ऐकलेलं लोकांपर्यंत पोचलं. मागे कोणीतरी विचारलं, "काय म्हणालो तो?" एक पोर हसलं आणि गप्प झालं. मी दाराची चौकट धरली.

तातूकाकांचा आवाज तितकाच खणखणीत होता. "सड्यार आता ता फूल गावणा नाय. खाणीत गेला. चिरे आमीच काढले, मजुरी आमीच घेतली, ता सगळा पोटात घाल रे म्हाराजा!"

या वेळी कोणीच काही म्हणालं नाही. त्या खोलीतल्या निम्म्या पुरुषांनी त्या खाणीत घाम गाळला होता. कोणाचं घर त्या पैशांतून उभं होतं, कोणाची लेक त्यातून उजवली होती. बाप्ये जमिनीकडे बघत राहिले. समईची वात चरचरत होती.

"व्हय म्हाराजा," काशीकाकी एकट्याच म्हणाल्या.

मग एकेक करत सगळ्यांनी म्हटलं. मोठ्याने नाही.

माझ्या विषयाचं विसर्जन गणपतीच्या आधीच झालं होतं. आता अख्ख्या गावाला ठाऊक होतं की सड्यावर फूल नाही. मी किनाऱ्यावर गेलेच नाही. तातूकाकांच्या पायरीवर जाऊन बसले आणि ते ओल्या कपड्यांनिशी परत आले तेव्हा त्यांच्यावर तुटून पडले.

"कशाला बोललात? कोण विचारत होतं तुम्हाला?"

"कोण इचारी नाय व्हता. म्हणान तर आठ वर्सा गप रवलंय."

"मग आजच काय झालं? माझं वाटोळं करायला आजचाच मुहूर्त सापडला?"

ते आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात केळीच्या ओल्या पानात गुंडाळलेला दांडा होता, दुसऱ्या डब्यातला. फुलं, एक पान, सगळं नीट. कंद मात्र डब्यातच ठेवला होता. माझ्या हातात देऊन म्हणाले, "बाय, माजा खोटा तोंडातला. आज बोललंय, उद्या विरघळान जाता. तुजा कागदार ऱ्हवतला. सड्यार फूल आसा असा कागदार लिवलंस, की मगे सड्यार ता शोधूक कोण जातला?"

"पण नाहीच आहे ना तिथं!"

"मी खय सगळो सडो बघलंय? माजे पाय गेले. ते कड्याखालचे उतार, थय मी कधी उतराक नाय." त्यांनी माझ्या हातातलं पान नीट मिटवलं. "कोणीतरी शोधूक व्हया. म्हणान म्हटलंय."

मी तशीच एसटीला गेले. त्यांचा निरोपही धड घेतला नाही. त्या उद्धटपणाची टोचणी मला अजून आहे. काका पुढच्या वर्षीच्या चतुर्थीआधी गेले. त्या डब्यांचं पुढे काय झालं, ते मी विचारायलाही गेले नाही.

कोल्हापुरात देशिंगकर सरांनी फूल पाहिलं आणि चक्क खुर्चीवरून उठले. त्यांना असं उठलेलं मी पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं. भिंग लावून पंधरा मिनिटं बघितलं. मग मी सगळी हकीकत सांगितली आणि ते पुन्हा बसले.

"स्थळ सडा लिही," ते म्हणाले. "रोप मूळचं तिथलंच आहे. मी सही करतो. आठ वर्षांचा काय एवढा फरक?"

चिठ्ठी समोर होती, पेन हातात होतं. सरांना सोडून तिथं कोणालाच काही ठाऊक नव्हतं. सही मिळाली की तीन वर्षांत पदवी, आणि ते फूल माझ्या नावाने पुन्हा सापडलेलं म्हणून नोंदलं जाणार. मी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. सर खिडकीबाहेर बघत राहिले.

मी लिहिलं: 'तातू राऊळ यांचं परसू, रॉकेलच्या डब्यात लावलेलं. मूळ जागा चिरेखाणीत नष्ट. कड्याखालचे उतार पाहिलेले नाहीत.'

सरांनी वाचलं. "लागवडीतला नमुना," एवढंच म्हणाले. विषय बंद झाला. मी गवतांवर चार वर्षं काम केलं, गवतांनी मला पदवी दिली आणि पुढे नोकरीही दिली. गवतांशी माझं कधी भांडण झालं नाही, पण प्रेमही जमलं नाही. कड्याखाली मी उतरले नाही. संसार, मुलगा, परीक्षा, पेपर. कारणं काढायची तर पुष्कळ आहेत.

निवृत्तीनंतर, मागच्या वर्षी, एका अनोळखी मुलीचा फोन आला. ऋतुजा तिचं नाव, विभागात नवीन आलेली. जुनी कपाटं आवरताना तिला तो कागद सापडला होता.

"मॅडम, तुम्ही डबा लिहिलंय," ती म्हणाली. "आणि उतार पाहिलेले नाहीत असंही. ते नंतर कोणी पाहिले का?"

पस्तीस वर्षांत हे विचारणारी ती पहिलीच. मी म्हटलं, "नाही." आणि लगेच विचारलं, "तू जाशील?"

गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघी गेलो. ती दोर बांधून उतरायची, मी वर छत्री धरून बसायचे आणि तिला सूचना करायचे, ज्या ती ऐकायची नाही. काही मिळालं नाही. या पावसाळ्यात ती एकटीच पुढे गेली. काल रात्री फोन आला, वारा इतका की अर्धं ऐकूच येईना. खाणीच्या पलीकडच्या उतारावर, करवंदीच्या जाळीत, तिला पानं दिसलीत. नुसती पानं, नऊ रोपं. तीच असतील किंवा दुसरी कुठली. फुलल्याशिवाय सांगता येत नाही.

फुलायला भाद्रपद उजाडेल. अजून महिना आहे. मी बॅग आजच भरून ठेवली आहे.